भुकेली भुते : युद्धोत्तर जपानी चित्रपटातील जगणे, घर आणि अलौकिक

१

जपानी भाषेत 'गाकी' असा एक शब्द आहे. बौद्ध ग्रंथांतील 'प्रेत' या संस्कृत संज्ञेसाठी चीनमध्ये 'भुकेले भूत' अशा अर्थाची दोन अक्षरे योजली गेली; 'गाकी' हा त्यांचाच जपानी उच्चार. आज व्रात्य पोरालाही याच शब्दाने हटकतात, परंतु मुळात तो शब्द भुकेचा आहे. जपानमध्ये दर उन्हाळ्यात पितरांसाठी 'ओबोन' पाळला जातो. त्यामागची कथा बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याची. दिव्य दृष्टी लाभल्यावर मौद्गल्यायन आपल्या मृत आईचा शोध घेतो, तेव्हा ती त्याला प्रेतयोनीत दिसते. अस्थिपंजर झालेल्या आईला तो भाताचे भांडे देतो. पण घास तोंडापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे निखारे होतात. पुढे बुद्धाच्या सांगण्यावरून तो संघाला अन्नदान करतो आणि आईची सुटका होते.

या छोट्या कथेत भूक, आई-मुलाचे नाते आणि मरणापलीकडचे जग या तीनही गोष्टी एकाच भांड्यात कालवलेल्या आहेत. त्या वेगळ्या काढता येत नाहीत. अलौकिक कथांचा अभ्यास करताना आपण मात्र सहसा त्या वेगळ्या काढतो. भूत हे 'प्रतीक' ठरते, घरातले भांडण 'मानसशास्त्र' ठरते, आणि उपासमार 'पार्श्वभूमी' म्हणून एका वाक्यात उरकली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत जपानमध्ये जे काही मोजके भयपट निर्माण झाले, त्यांच्यापुढे ही वाटणी टिकत नाही. केंजी मिझोगुची यांचा 'उगेत्सु मोनोगातारी' (१९५३), कानेतो शिंदो यांचे 'ओनिबाबा' (१९६४) व 'कुरोनेको' (१९६८), आणि मासाकी कोबायाशी यांचा 'क्वाइदान' (१९६४) हे ते चित्रपट. त्यांच्यातील भूत भुकेतून जन्मते आणि ते प्रथम घरात येते. असे का झाले, आणि जुन्या कथांचे नव्या काळात रूपांतर करताना या दिग्दर्शकांनी नेमके काय बदलले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

२

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि देश अमेरिकेच्या नेतृत्वाखालील दोस्तांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्रपटांसाठी तेरा निषिद्ध विषयांची यादी जाहीर झाली. लष्करशाहीचा गौरव, सूडाचे समर्थन, सरंजामी स्वामिनिष्ठा, आत्महत्येला मान्यता या गोष्टी त्या यादीत होत्या. सामुराईंचे ऐतिहासिक चित्रपट यामुळे अडचणीत आले, आणि पारंपरिक भूतकथांचीही कोंडी झाली. कारण जपानी भूत, विशेषतः स्त्रीचे भूत, बहुधा सूडासाठीच परत येते.

या कोंडीचा एक बोलका पुरावा म्हणजे केइसुके किनोशिता यांनी १९४९ मध्ये केलेले 'योत्सुया काइदान'चे दोन भागांतील रूपांतर. चौथे त्सुरुया नान्बोकू यांचे हे काबुकी नाटक १८२५ साली रंगभूमीवर आले. धनी गमावलेला, दारिद्र्यात दिवस काढणारा इएमोन हा सामुराई आणि शेजारच्या श्रीमंत घरातून आलेल्या विषाने चेहरा विद्रूप झालेली त्याची बायको ओइवा यांची ही कथा. नाटकात ओइवा भूत होऊन नवऱ्याचा पिच्छा पुरवते. किनोशितांच्या चित्रपटात मात्र खरे भूत नाही; इएमोनला दिसते ते त्याच्या अपराधी मनाचे रूप. म्हणजे भुताला मनाच्या आत कोंडण्यात आले. सुशिक्षित वाचकाला हे आधुनिक आणि म्हणून अधिक सूक्ष्म वाटते. परंतु त्याची किंमत ओइवाला द्यावी लागते. ती केवळ नवऱ्याच्या मनातला भास उरते. तिचा स्वतःचा दावा, तिचे स्वतःचे येणे-जाणे नाहीसे होते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

याच वर्षांत जपानी माणूस काय खात होता? युद्ध संपले तेव्हा शहरे जळालेली होती आणि शिधावाटप कोलमडलेले होते. सरकारी शिध्यावर जगणे अशक्य असल्याने बहुतेक सर्व शहरी कुटुंबे काळ्या बाजारावर जगत. काळ्या बाजाराचे खटले चालवणारे तोक्योतील न्यायाधीश योशितादा यामागुची यांनी बेकायदा अन्नाला स्पर्श न करण्याचा निश्चय केला आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये कुपोषणाने त्यांचा मृत्यू झाला. कायदा पाळणारा मेला. जगले ते कायदा मोडणारे. शहरातल्या बायका ठेवणीतले किमोनो घेऊन खेड्यात जात आणि शेतकऱ्यांकडून त्यांच्या बदल्यात तांदूळ, रताळी आणत. एकेक वस्त्र उतरवून जगण्याच्या या रीतीला लोकांनी 'बांबूच्या कोंबाचे जगणे' असे नाव दिले होते, कारण कोंबाचीही सालपटे अशीच एकावर एक सोलली जातात. कपडे देऊन धान्य घेणे ही क्रिया लक्षात ठेवावी. सतरा-अठरा वर्षांनी ती पडद्यावर भयानक रूपात परत येणार आहे.

२८ एप्रिल १९५२ रोजी परकीय ताबा संपला. सूड, सामुराई, भुते आणि अणुबाँब हे सगळे विषय एकाच वेळी मोकळे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिंदोंचा हिरोशिमावरील चित्रपट आला, आणि पुढच्या मार्चमध्ये 'उगेत्सु मोनोगातारी'.

३

'उगेत्सु मोनोगातारी' हा मुळात उएदा अकिनारी यांचा १७७६ साली प्रसिद्ध झालेला नऊ कथांचा संग्रह. चित्रपटात त्यातील दोन कथा मुख्यतः घेतल्या आहेत, आणि एका पोटकथानकासाठी मोपासांच्या एका फ्रेंच कथेचा आधार आहे. पटकथा माત્સुतारो कावागुची व योशिकाता योदा यांची.

अकिनारींच्या 'गवतातले घर' या अर्थाच्या कथेत कात्सुशिरो नावाचा शेतकरी आपली जमीन विकून रेशमाच्या व्यापारासाठी राजधानीला जातो. 'शरदात परत येतो' असे बायकोला सांगतो. पण युद्ध पेटते, तो आजारी पडतो, आणि परतायला सात वर्षे लागतात. घरी दिवा असतो, बायको मियागी वाट पाहत असते. रात्र सरते. सकाळी जाग येते तेव्हा छप्पर उडालेले, भिंती पडलेल्या, अंथरुणाशेजारी कोणी नाही. मियागी कधीच वारली आहे. ही कथा अकिनारींनाही चिनी कथेवरून सुचली होती. म्हणजे रूपांतराची परंपरा येथे जुनीच आहे.

मिझोगुचींनी काय बदलले? त्यांची कथा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बिवा सरोवराच्या काठच्या ओमी प्रांतात घडते. नायक गेन्जुरो हा कुंभार आहे. युद्धामुळे भांड्यांना चढा भाव येतो आणि त्याला पैशाची चटक लागते. त्याचा मेव्हणा तोबेई याला सामुराई होण्याचे वेड आहे. मिझोगुची-योदांनी मियागीच्या पदरी एक लहान मुलगा दिला आहे. सर्वांत महत्त्वाचा बदल तिच्या मृत्यूचा. मूळ कथेत ती वाट पाहता पाहता मरते. चित्रपटात मुलाला पाठीशी बांधून, थोडे अन्न घेऊन ती गावाकडे निघालेली असताना भुकेने पिसाट झालेले हरलेले सैनिक तिला अडवतात, हातातले अन्न हिसकावतात आणि भाला खुपसतात. ती काठीच्या आधाराने खुरडत चालत राहते. पाठीवर मूल रडत असते. मिझोगुची हे सारे दुरून दाखवतात, आणि त्याच चौकटीत मागे ते सैनिक हिसकावलेल्या घासांवर तुटून पडलेले दिसतात. त्यांना राक्षस करण्याची सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. तेही उपाशीच आहेत.

अकिनारींच्या कथेत काळाने जे केले, ते चित्रपटात भूक करते. विरहकथेची उपासमारीची कथा होते. शिवाय गेन्जुरोचा धंदा युद्धामुळेच चालतो, हा तपशीलही सहज आलेला नाही. कोरियातील युद्धाच्या मागणीने १९५० पासून जपानी कारखान्यांना ऊर्जितावस्था आली होती. शेजारच्या देशातल्या लढाईवर आपली चूल पेटते आहे, हे १९५३ सालच्या प्रेक्षकाला ठाऊक होते. दिग्दर्शकाने ही तुलना बोलून दाखवलेली नाही. परंतु भट्टीतून निघालेली भांडी नाण्यांत मोजणारा गेन्जुरो त्या प्रेक्षकाला परका वाटला असेल असे मानणे अवघड आहे.

दुसरी कथा वाकासा या सरदारकन्येची. ओदा नोबुनागाने तिचे घराणे बुडवले. प्रेम म्हणजे काय हे न कळताच ती मेली. आता ती गेन्जुरोला आपल्या वाड्यात नेते. माचिको क्यो या अभिनेत्रीचा चेहरा येथे नो नाट्यातल्या मुखवट्यासारखा रंगवला आहे, आणि वाड्यात ठेवलेल्या चिलखतातून तिच्या मृत बापाचा आवाज येतो. एका पुरोहिताने गेन्जुरोच्या अंगावर मंत्राक्षरे लिहिल्यावर त्याची सुटका होते. वाकासा ही मोहिनी आहे खरी, पण खलनायिका नव्हे. युद्धाने तिचेही आयुष्य खाल्ले आहे. दोन्ही स्त्रिया भुते होतात, आणि दोघींना तसे करणारी शक्ती एकच आहे.

चित्रपटातील एक छोटा प्रसंग या सर्वांची किल्ली आहे असे मला वाटते. धुक्याने भरलेल्या सरोवरातून गेन्जुरो, तोबेई, त्यांच्या बायका आणि ते मूल नावेतून जात असतात. समोरून एक नाव वाहत येते. तिच्यात कोणीतरी पडलेले आहे. हे भूतच, म्हणून सगळे घाबरतात. तो माणूस म्हणतो की मी भूत नाही. चाच्यांनी मला मारले आहे, बायकांना सांभाळा. पाणी मागून तो मरतो. चित्रपटात खरी भुते अजून यायची आहेत. त्यांच्या आधी एका मरणाऱ्या जिवंत माणसाला 'मी भूत नाही' असे सांगावे लागते. पुढे जेव्हा खरी भुते येतात, तेव्हा मात्र गेन्जुरोला ती माणसे वाटतात. जिवंताला भूत आणि भुताला जिवंत समजणे ही चूक युद्धाच्या काळातली आहे, कारण त्या काळात दोघांमधली रेषाच पुसट झालेली असते.

शेवटचा घरी परतण्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. काझुओ मियागावा यांचा कॅमेरा गेन्जुरोबरोबर रिकाम्या, थंड घरात शिरतो. गेन्जुरो हाका मारत मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालतो. कॅमेरा आतूनच त्याच्या बरोबरीने वळतो, आणि तो पुन्हा पुढच्या दाराशी येतो तेव्हा त्याच रिकाम्या जागी चूल पेटलेली आहे आणि मियागी काही शिजवते आहे. दृश्य कोठेही तोडलेले नाही. ती नवऱ्याला जेवू घालते, झोपलेल्या मुलाजवळ निजवते, आणि रात्रभर शिवत बसते. सकाळी गावचा मुखिया सांगतो की ती कधीच मारली गेली. अन्नासाठी मारली गेलेली बाई भूत होऊन येते ती अन्न रांधायला.

येथे एक आक्षेप घेतला गेला आहे आणि तो गंभीर आहे. मियागीचे भूत क्षमाशील आहे. शेवटी तिचा आवाज नवऱ्याला सांगतो की आता तू मला हवा होतास तसा झालास. बाईने मरावे आणि पुरुषाने त्यातून शहाणे व्हावे, उत्तम भांडी घडवावीत, हा व्यवहार कोणाच्या सोयीचा आहे? मिझोगुचींच्या थोरल्या बहिणीला दारिद्र्यापायी गेइशा म्हणून विकण्यात आले होते, आणि पुढे तिच्याच आधारावर हे कुटुंब तगले. बाईच्या त्यागावर घर चालते हे त्यांनी जवळून पाहिले होते. तो त्याग ते इतक्या सुंदर रीतीने दाखवतात की तो अटळ वाटू लागतो. आक्षेपाला पूर्ण उत्तर देता येत नाही. एवढेच म्हणता येईल की चित्रपटाची अखेरची चौकट गेन्जुरोच्या कलेची नाही. त्याने दिलेले भाताचे भांडे घेऊन मूल आईच्या थडग्याकडे धावते आणि ते तेथे ठेवून हात जोडते. मौद्गल्यायनाचा घास पुन्हा एकदा.

४

आक्षेपाचे खरे उत्तर अकरा वर्षांनी आले, आणि ते कठोर होते.

कानेतो शिंदो यांचा जन्म १९१२ मध्ये हिरोशिमा जिल्ह्यातला. कर्जापायी घराची शेती गेली, कुटुंब विखुरले. युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांना आरमारात भरती करण्यात आले. त्यांच्या शंभर जणांच्या तुकडीतून कोणी कोठे जायचे हे सोडतीने ठरत गेले; त्यांतले चौऱ्याण्णव मेले, सहा वाचले. शिंदो त्या सहांपैकी एक. शंभर वर्षांचे आयुष्य जगून २०१२ मध्ये ते वारले, आणि आपण चिठ्ठीमुळे जगलो ही जाणीव त्यांनी अखेरपर्यंत बोलून दाखवली. पराक्रमाने वाचलेला माणूस वीरकथा सांगतो. चिठ्ठीने वाचलेल्याकडे सांगण्यासारखी वीरकथा नसते.

'ओनिबाबा'चे बीज एका बौद्ध बोधकथेत आहे. एक सून रोज देवळात प्रवचनाला जाते. सासूला ते खपत नाही. ती राक्षसाचा मुखवटा घालून वाटेत सुनेला घाबरवते. पण मुखवटा चेहऱ्याला चिकटतो. नामस्मरणाने तो अखेर सुटतो, तोही मांसासकट. एचिझेन प्रांतातील योशिझाकी आणि तेथील रेन्न्यो या धर्मगुरूशी ही कथा जोडली जाते. शिंदोंनी ती बालपणी ऐकली होती. सासू, सून आणि देवळाची वाट एवढे ऐकल्यावर मराठी वाचकाला जात्यावरच्या ओव्या आठवाव्यात यात नवल नाही. सासुरवासाच्या तक्रारीला देवाच्या वाटेचा आडोसा आपल्याकडेही आहे.

शिंदोंनी या कथेतून देऊळ काढून टाकले. त्यांची कथा चौदाव्या शतकातील दोन राजघराण्यांच्या यादवीत घडते. माणसाहून उंच गवताच्या दलदलीत सासू आणि सून राहतात. मुलगा किची युद्धावर गेलेला. शेती बुडालेली. वाट चुकून गवतात आलेल्या जखमी सामुराईंना या दोघी भाल्याने मारतात, त्यांची चिलखते, तलवारी उतरवतात, प्रेते एका खोल विवरात ढकलतात, आणि तो माल उशी नावाच्या व्यापाऱ्याला देऊन बदल्यात ज्वारी-बाजरीसारखे भरड धान्य घेतात. किमोनो देऊन तांदूळ आणणाऱ्या १९४६ सालच्या बायकांची ही क्रूर प्रतिमा आहे. फरक इतकाच की येथे कपडे मेलेल्यांचे आहेत.

मग शेजारी हाची परत येतो. किची मारला गेल्याची बातमी तो आणतो. सून रात्री उठून गवतातून धावत त्याच्याकडे जाऊ लागते. सासू संतापते. तिचा संताप कशाचा आहे? मुलाच्या स्मृतीचा अपमान, सुनेच्या सुखाचा मत्सर, स्वतःच्या सरत्या देहाची आच, हे सगळे त्यात आहे. नोबुको ओतोवा यांच्या चेहऱ्यावर ते दिसते. परंतु ती हाचीपुढे गयावया करते तेव्हा मुख्य कारण उघड होते. सून गेली तर एकटीने माणूस मारता येत नाही, आणि मारता आले नाही तर खायचे काय? त्या नात्यात रक्त नाही, आणि मुलगा मेल्यावर कुळाचा धागाही उरलेला नाही. उरले आहे फक्त एकत्र कमावणे. सासू-सुनेचे भांडण आपण नाटक-सिनेमात विनोदाचा किंवा अश्रूंचा विषय म्हणून इतके पाहिले आहे की त्याच्या तळाशी असलेला धान्याचा हिशोब दिसेनासा होतो. शिंदोंनी सारी वस्त्रे उतरवून तो हिशोब उघडा केला.

एका रात्री राक्षसी मुखवटा घातलेला सेनानी सासूला वाट विचारतो. मुखवट्याखाली अतिशय देखणा चेहरा आहे, असे तो सांगतो. ती त्याला विवरात पाडते आणि खाली उतरून मुखवटा ओढून काढते. आत फोडांनी विद्रूप झालेला चेहरा. तोच मुखवटा घालून ती रात्री गवतात सुनेची वाट अडवू लागते. बोधकथेप्रमाणेच मुखवटा चिकटतो. सून हातोड्याने तो फोडते. खाली सासूचा चेहराही तसाच झालेला. भेदरलेली सून पळते, आणि मागून सासू धावते ती आपण राक्षस नाही, माणूस आहोत असे ओरडत. विवरावरून तिची झेप, आणि चित्रपट हवेतच संपतो.

या चेहऱ्यांची रंगभूषा अणुबाँबने भाजलेल्यांच्या छायाचित्रांवरून केली होती, हे शिंदोंनी स्वतः सांगितले आहे. हे कळल्यावर तो आक्रोश वेगळा ऐकू येतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांना पुढची अनेक वर्षे लग्नात, नोकरीत डावलले गेले. त्यांच्या व्रणांकडे पाहून लोक दूर सरकत. जो वाचला, त्यालाच भुतासारखे वागवले गेले. 'उगेत्सु'तल्या नावेतला मरणारा माणूस आणि 'ओनिबाबा'तील सासू एकच वाक्य उच्चारत आहेत. मात्र सरोवरातल्या माणसावर नावेतल्यांनी विश्वास ठेवला. सासूवर कोणीही ठेवत नाही.

आणि तिच्यावर का ठेवावा? तिने माणसे मारली आहेत. बोधकथेतला प्रश्न सोपा होता: दुष्ट सासूला शिक्षा झाली, नामाने ती सुटली. शिंदोंच्या कथेत नाम नाही, म्हणून सुटकाही नाही. पण निवाडाही तितका सोपा उरत नाही. ती राक्षस नाही हेही खरे, आणि तिने केले ते राक्षसी होते हेही खरे. विशेष म्हणजे या चित्रपटात खरे भूत एकही नाही. अलौकिक म्हणावे असे फक्त मुखवट्याचे चिकटणे. तेही पावसाने की रोगाने, हे ठरवता येत नाही.

५

चार वर्षांनी 'कुरोनेको'मध्ये शिंदोंनी हीच जोडी पुन्हा घेतली, आणि या वेळी भुते खरी ठेवली. बांबूच्या बनातून सामुराईंची टोळी बाहेर येते. एका झोपडीत शिरून ती पाणी पिते, अन्नावर तुटून पडते. मग घरातल्या सासू-सुनेवर बलात्कार करून घर पेटवते. एक काळे मांजर त्यांची प्रेते चाटते. जगातल्या प्रत्येक सामुराईचे रक्त पिण्याची शपथ घेऊन दोघी मांजरभुते म्हणून परततात. पडद्यावर अत्याचार कसा सुरू होतो याचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधी घास, मग देह, मग घर.

युद्धावर ओढून नेलेला मुलगा तीन वर्षांनी शत्रूच्या सेनापतीचे शिर घेऊन येतो आणि सामुराई होतो. त्याच्यावर पहिली कामगिरी सोपवली जाते ती या भुतांना मारण्याची. म्हणजे भुकेल्या शेतकऱ्याने वर चढण्याचा जो एकमेव जिना होता, तो त्याच्याच आई-बायकोच्या मारेकऱ्यांच्या वर्गात जाऊन संपतो. तोबेईचे सामुराई होण्याचे वेड मिझोगुचींना पश्चात्तापाविना, अखेरपर्यंत चढते ठेवायचे होते, पण चित्रसंस्थेला ते मानवले नाही, असे नोंदले गेले आहे. शिंदोंनी ते वेड शेवटापर्यंत नेले. सून शपथ मोडते. नवऱ्याबरोबर सात रात्री काढून त्याबदली नरकात जाते. आई शपथ मोडत नाही. घर आणि न्याय यांत निवड करावी लागली तर दोन स्त्रिया दोन वेगळी उत्तरे देतात, आणि चित्रपट कोणालाही चूक ठरवत नाही. मियागीच्या क्षमाशील भुताला येथे प्रतिवाद मिळतो. १९६८ च्या कान महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेसाठी निवडलेला होता. पण त्या वर्षी मे महिन्यातील आंदोलनामुळे महोत्सवच अर्ध्यावर बंद पडला.

मासाकी कोबायाशींचा 'क्वाइदान' या दोहोंच्या मध्ये येतो. युद्धकाळात मांचुरियात सैनिक असताना बढती नाकारून साधा शिपाई राहिलेला हा दिग्दर्शक. लाफ्कादिओ हर्न यांनी इंग्रजीत सांगितलेल्या चार जपानी कथा त्यांनी घेतल्या. चित्रपटाला १९६५ मध्ये कान येथे परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. पहिली कथा आपल्या ओळखीची आहे: दारिद्र्याला कंटाळून बायकोला टाकणारा सामुराई श्रीमंत घरात दुसरे लग्न करतो, वर्षांनी पश्चात्तापाने परततो, बायको प्रेमाने स्वागत करते, आणि सकाळी शेजारी सापळा. अकिनारींच्या कथेचीच ही बहीण. मात्र मियागीचे भूत नवऱ्याला निजवते. येथे तिचे काळे केस त्याचा पाठलाग करतात.

तिसरी कथा आंधळ्या होइचीची. ११८५ साली दान-नो-उराच्या सागरी लढाईत हेइके कुळ बुडाले. त्या लढाईचे आख्यान बिवा या तंतुवाद्यावर गाणाऱ्या होइचीला मृत हेइके रात्री बोलावून नेतात. त्यांना स्वतःच्याच मरणाची कथा ऐकायची असते. त्याला वाचवण्यासाठी भिक्षू त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिताहृदय सूत्र लिहितात. कान तेवढे राहून जातात, आणि भूत तेच उपटून नेते. भारतातून निघालेले सूत्र चिनी अक्षरांत एका जपानी गवयाच्या कातडीवर उतरते आणि तरी अपुरे पडते, यात मोठा अर्थ शोधण्याचा मोह होतो. मला त्याहून साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. मेलेल्यांची मागणी रक्ताची नाही. त्यांची मागणी ऐकून घेतले जाण्याची, आपले आख्यान कोणीतरी गाण्याची आहे. आणि जो गातो त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

६

या चार चित्रपटांना एका धाग्यात ओवताना त्यांच्यातील भेद विसरता कामा नये. मिझोगुचींचे भूत सांत्वन करते, शिंदोंचे सूड घेते किंवा भूत असल्याचेच नाकारते, कोबायाशींचे श्रोता होते. परंतु तिघांनीही १९४९ मधला तोडगा नाकारला. भुताला अपराधी पुरुषाच्या मनातला भास म्हणून त्यांनी आत कोंडले नाही. मियागी खरोखरच चुलीशी बसलेली आहे. कॅमेरा तिला नवऱ्याच्या आधी पाहतो. 'कुरोनेको'तील आई खरोखर रक्त पिते. भूत खरे ठेवण्याचा अर्थ असा की मेलेल्या स्त्रीला स्वतःचा दावा राहतो. तो दावा कोणाच्या पश्चात्तापावर अवलंबून नसतो. आणि जेथे भूत नाही, त्या 'ओनिबाबा'त, जिवंत बाईला भूत ठरवणाऱ्या नजरेवरच बोट ठेवले आहे. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात.

साहित्याच्या वर्गात अलौकिक कथा शिकवताना 'हे भूत कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न आपण सर्वप्रथम फळ्यावर लिहितो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो घाईचा आहे. त्याने भुताचे भाषांतर होते आणि भूत निघून जाते. हे चित्रपट त्याआधी काही साधे, जवळपास हिशोबनिशी प्रश्न विचारायला लावतात. या घरात धान्य किती होते? कोणी खाल्ले? कोण उपाशी राहिले, आणि ते कोणाच्या सोयीसाठी? मेल्यानंतर त्याला कोणी घास ठेवला का? रूपांतराच्या अभ्यासातही हेच लागू पडते. अकिनारी आणि मिझोगुची, बोधकथा आणि शिंदो यांच्यातील अंतर शैलीचे आहे त्याहून अधिक या उत्तरांचे आहे. जुन्या कथेत जेथे काळ किंवा कर्म होते, तेथे ज्यांनी १९४५ चा हिवाळा पाहिला होता त्यांनी भूक लिहिली.

मौद्गल्यायनाच्या कथेत घासाचे निखारे होण्याचे थांबते ते आईसाठी इतरांना जेवू घातल्यावर. ही कथा शतकानुशतके पाळणाऱ्या समाजाने एका पिढीत लाखो माणसे उपाशी मेलेली, जळालेली, न परतलेली पाहिली. त्यांना शांत करण्याइतके अन्न कोणाकडेच नव्हते. काही दिग्दर्शकांनी त्यांच्यासाठी पडद्यावर घर बांधले, चूल पेटवली, आणि त्यांना आत येऊ दिले. कोणी येऊन रांधले, कोणी गळा धरला, कोणी नुसते ऐकत बसले. ती परत गेली की नाही, याचे उत्तर त्यांतला कोणताही चित्रपट देत नाही.